ऑफिसातला जुना प्रोग्रॅम ब्राउझरमधून कसा द्यावा: नवख्यांसाठी

समजा, म्हापशात हार्डवेअरचं दुकान आहे, थिवीला गोदाम आहे, हिशेब बघणारे अकाउंटंट फोंड्यात बसतात आणि मालक राहतात पर्वरीला. बिलिंगचा प्रोग्रॅम मात्र एकाच कॉम्प्युटरवर, काउंटरच्या मागे. कुणीतरी कधीकाळी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहून दिलेला, त्याखाली अ‍ॅक्सेसचा डेटाबेस. लिहिणारा आता फोन उचलत नाही, पण प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो. गोदामवाल्याला स्टॉक हवा असला की तो दुकानात फोन करतो आणि अकाउंटंट महिन्यातून एकदा पेनड्राइव्ह घेऊन म्हापशाला येतात. पतसंस्था, देवस्थान समित्या, छोटी हॉटेलं, सगळीकडे कमी-अधिक फरकाने हेच चित्र दिसतं.

हा प्रोग्रॅम नव्याने न लिहिता चारही ठिकाणी ब्राउझरमध्ये उघडता येतो. हे काम पहिल्यांदाच करायला घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. विंडोज बऱ्यापैकी येतं आणि लिनक्सचा थोडा हात बसला आहे, एवढं मी धरून चालतो.

आधी एक गोष्ट पक्की करा

या पद्धतीत प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये जात नाही. तो दुकानातल्या मशीनवरच चालतो. ब्राउझरकडे जातं ते त्याच्या पडद्याचं चित्र, आणि ब्राउझरकडून परत येतात ते कीबोर्ड-माउसचे इशारे. डेटा जागचा हलत नाही. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न, म्हणजे छपाई कुठे होणार, मराठी टायपिंग कसं करायचं, फोंड्यात करंट गेला तर काय, लायसन्स किती लागणार, या एका गोष्टीवरून सुटतात. कुठे अडलात तर स्वतःला विचारा: हे काम सर्व्हरच्या बाजूला घडतंय की ब्राउझरच्या?

ब्राउझरमध्ये खरोखरच प्रोग्रॅम चालवण्याचे जुने मार्ग बहुतेक बंद झाले आहेत. जावा अ‍ॅपलेट ज्यावर चालायचे ते प्लगइन तंत्र क्रोमने २०१५ मध्ये काढून टाकलं. जावा वेब स्टार्ट २०१८ च्या जावा ११ मधून गेलं, फ्लॅश २०२० अखेर संपलं आणि अ‍ॅक्टिव्हएक्स चालवणारं इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झालं. त्यामुळे कुणी 'एक प्लगइन टाकलं की झालं' म्हणाला तर त्याची माहिती जुनी आहे असं समजा. क्लिकवन्स अजून आहे, पण तिथे ब्राउझर फक्त इन्स्टॉल करायची लिंक देतो. प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर चालतो आणि डेटाबेसपर्यंत पोचायचा प्रश्न तसाच राहतो.

आणखी एक मोह टाळा. व्हीपीएन (दोन जागा इंटरनेटवरून एकाच नेटवर्कमध्ये जोडणारी खासगी वाट) लावायचा, अ‍ॅक्सेसची फाइल शेअर करायची आणि फोंड्यातून तीच फाइल उघडायची, ही युक्ती सगळ्यांनाच सुचते. अ‍ॅक्सेस हा फाइलवर चालणारा डेटाबेस आहे. प्रत्येक नोंदीसाठी तो नेटवर्कवरून फाइलचे तुकडे वाचतो-लिहितो. लिहिता लिहिता लाइन तुटली की फाइल खराब व्हायचा धोका असतो. पावसाळ्यात गोव्यात लाइन तुटतेच. चित्र पाठवण्याच्या पद्धतीत लाइन तुटली तर फक्त चित्र गोठतं.

काम सुरू करण्याआधी प्रोग्रॅम बनवणाऱ्याने वेबची सोय दिली आहे का, हेही बघून घ्या. मालकाला फक्त अहवाल बघायचे असतील आणि हिशेब टॅलीप्राइममध्ये असतील, तर अहवाल ब्राउझरमध्ये बघायची सोय टॅलीनेच दिलेली आहे. एवढ्यासाठी सर्व्हर उभा करण्यात अर्थ नाही.

पहिली पायरी: मशीन आणि लायसन्स

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून लोक शेवटी बघतात आणि तिथेच फसतात.

विंडोज १० किंवा ११ प्रो एका वेळी एकालाच रिमोटने आत घेतं, आणि तेवढा वेळ समोर बसलेला बाहेर फेकला जातो. होम आवृत्ती रिमोट डेस्कटॉपसाठी यजमान होतच नाही. यावर इंटरनेटवर जुगाडू पॅच मिळतात. दुसऱ्याच्या धंद्याच्या मशीनवर ते टाकू नका. ते लायसन्समध्ये बसत नाहीत आणि विंडोज अपडेट झालं की मोडतात, तेही बरोबर गर्दीच्या दिवशी.

सरळ मार्ग म्हणजे विंडोज सर्व्हर आणि त्यावर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस. सर्व्हरसोबत येणारी दोन रिमोट कनेक्शनं फक्त देखभालीसाठी असतात, रोजच्या कामासाठी नाहीत. रोजच्या कामाला प्रत्येक वापरकर्त्यामागे किंवा उपकरणामागे दोन लायसन्स लागतात, एक विंडोज सर्व्हरचं आणि दुसरं रिमोट डेस्कटॉपचं. दुसऱ्यासाठी १२० दिवसांची सवलत मिळते. ती संपते तेव्हा सगळे विसरलेले असतात, म्हणून आजच कॅलेंडरात लिहून ठेवा. ऑफिसात विंडोजचं डोमेन (सगळी खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था) नसेल, साधा वर्कग्रुप असेल, तर उपकरणामागे मिळणारी लायसन्स घ्या. सर्व्हर २०१९ पासून पुढे वर्कग्रुपमध्ये वापरकर्त्यामागची लायसन्स लावली तर तासाभरात सेशन तुटतं. आणि मधे दुसरं सॉफ्टवेअर ठेवलं म्हणून लायसन्सची संख्या कमी होत नाही. मायक्रोसॉफ्ट टोकाला बसलेली खरी माणसं आणि उपकरणं मोजतं.

प्रोग्रॅमचं स्वतःचं लायसन्सही तपासा. टॅलीचं सिल्व्हर एका वापरकर्त्यासाठी असतं, अनेकांसाठी गोल्ड लागतं.

प्रोग्रॅम लिनक्सवर चालणारा असेल, जावाचा, पायथनचा किंवा वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) नीट चालणारा, तर विंडोजचा हा सगळा खर्च वाचतो. एक्सप्रा नावाचं मोफत साधन लिनक्सवरच्या एकाच खिडकीचं चित्र थेट ब्राउझरला देतं. आपल्या उदाहरणातल्या प्रोग्रॅमचा वाइनवर मला भरवसा नाही, म्हणून पुढे विंडोजचाच मार्ग धरतो.

मशीन दुकानात ठेवायचं की क्लाउडवर? दुकानात ठेवलं तर यूपीएस, त्यामागे इन्व्हर्टर आणि राउटरलाही त्याच इन्व्हर्टरची लाइन द्यावी लागेल. राउटरचं हमखास राहून जातं. क्लाउडवर ठेवलं तर मुंबई-पुण्याची केंद्रं गोव्याला जवळची आहेत, पण दर महिन्याला बिल येतं. चार माणसांसाठी माझं मत दुकानाच्या बाजूने आहे, अट एवढीच की तिथे फायबर असावा आणि त्याचा अपलोडचा वेग तुम्ही स्वतः मोजलेला असावा. चित्र दुकानातून बाहेर जाणार, त्यामुळे कामाला येतो तो अपलोड. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुतेक वेळा डाउनलोड.

दुसरी पायरी: प्रोग्रॅम सर्व्हरवर बसवा

रिमोट डेस्कटॉपची भूमिका चालू केल्यावर प्रोग्रॅम 'इन्स्टॉल मोड'मध्ये बसवावा, म्हणजे त्याच्या सेटिंग सगळ्यांना मिळतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'चेंज यूजर' या कमांडला इन्स्टॉलचा पर्याय लावून हा मोड चालू होतो, आणि काम झाल्यावर एक्झिक्यूटचा पर्याय लावून परत यायचं. प्रत्येकाला वेगळं विंडोज खातं द्या. सगळ्यांना एकच खातं दिलं तर कोणी काय बदललं ते कळणार नाही. शिवाय मूळ सेटिंगनुसार एका खात्याचं एकच सेशन चालतं, म्हणजे एक आत आला की दुसरा बाहेर.

आता दुकानाच्याच नेटवर्कवरून, साध्या रिमोट डेस्कटॉपने, दोन खात्यांतून एकाच वेळी प्रोग्रॅम उघडा. दोघांनी एकाच ग्राहकाचं बिल करून बघा. जुने प्रोग्रॅम बऱ्याचदा तात्पुरती फाइल ठरलेल्या एकाच फोल्डरात लिहितात, आणि मग एकाचं बिल दुसऱ्याच्या प्रिंटमध्ये येतं. असं झालं तर प्रत्येक खात्यासाठी प्रोग्रॅमच्या फोल्डरची वेगळी प्रत ठेवून सगळ्या प्रती एकाच डेटाबेसकडे वळवता येतात का ते पाहा. ही चाचणी पार पडेपर्यंत ब्राउझरचं नावही काढू नका.

वापरकर्त्याला पूर्ण डेस्कटॉप दाखवायची गरज नसते. डोमेन असेल तर सर्व्हर मॅनेजरमधून प्रोग्रॅम रिमोटअ‍ॅप म्हणून प्रसिद्ध करा. डोमेन नसेल तर ग्रुप पॉलिसीत 'जोडणी होताच अमुक प्रोग्रॅम सुरू करा' अशी सोय आहे. मग लॉगिन केलं की थेट बिलिंगच उघडतं.

तिसरी पायरी: ब्राउझरपर्यंतचा पूल

मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वेब क्लायंट आहे. चांगला आहे, पण त्यासाठी डोमेन, गेटवे, ब्रोकर असा लवाजमा लागतो. छोट्या जागी अपाची गुआकामोले सोयीचं. मोफत, मुक्त स्रोत, आणि वापरणाऱ्याला ब्राउझरशिवाय काहीही लागत नाही.

गुआकामोलेचे दोन भाग. ग्वाकडी हा मागे बसून रिमोट डेस्कटॉपशी बोलतो. वेब अ‍ॅप्लिकेशन पुढे बसून ब्राउझरशी बोलतं. त्यांच्या जोडीला खाती ठेवायला पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल. नवख्याने डॉकरनेच बसवावं (डॉकर प्रोग्रॅम तयार, बंदिस्त डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये चालवतं). हाताने बसवायला गेलात तर टॉमकॅटच्या (ज्यावर हे वेब अ‍ॅप्लिकेशन चालतं तो सर्व्हर) आवृत्तीत अडकाल, कारण गुआकामोले टॉमकॅट ९ साठी लिहिलेलं आहे आणि टॉमकॅट १० वर ते जसंच्या तसं चालत नाही. डॉकरच्या प्रतिमेत (इमेजमध्ये) हा घोळ आधीच निस्तरलेला असतो. यासाठी एक छोटं लिनक्स मशीन किंवा सर्व्हरवरच एक व्हर्च्युअल मशीन पुरतं.

तीन कंटेनर उभे करा: ग्वाकडी, गुआकामोले आणि पोस्टग्रेस. पोस्टग्रेसमध्ये तक्ते आपोआप तयार होतील असं समजू नका. गुआकामोलेच्या प्रतिमेतच त्यासाठी स्क्रिप्ट आहे. ती चालवून मिळालेली एसक्यूएल फाइल एकदा डेटाबेसमध्ये घाला. मग ८०८० पोर्टवर, पत्त्याच्या शेवटी गुआकामोले हा शब्द जोडून पान उघडा. तो शब्द विसरलात तर 'पान सापडलं नाही' असं येईल आणि तुम्ही उगाच कंटेनर पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसाल.

पहिलं लॉगिन नाव ग्वाकअ‍ॅडमिन, पासवर्डही तोच, आणि ते साऱ्या जगाला माहीत आहे. आत शिरताच स्वतःचं नवं प्रशासक खातं तयार करा आणि जुनं पुसून टाका. चहा घेऊन आल्यावर नाही, लगेच.

आता कनेक्शन तयार करा. प्रकार आरडीपी (रिमोट डेस्कटॉप ज्या भाषेत बोलतो ती), पोर्ट ३३८९. सर्व्हरचा पत्ता लिहिताना लोकलहोस्ट लिहू नका. कंटेनरच्या आतून लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, तुमचं मशीन नव्हे. विंडोजचा नेटवर्कमधला खरा पत्ता लिहा आणि तो बदलणार नाही अशी राउटरमध्ये सोय करा. सुरक्षेचा प्रकार एनएलए (जोडणीआधीच ओळख तपासणारा) ठेवा. सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याने स्वतःच बनवलेलं असतं, म्हणून ते दुर्लक्षित करण्याच्या चौकटीत खूण करा, नाहीतर कनेक्शन कारण न सांगता तुटतं. रिमोटअ‍ॅप वापरत असाल तर प्रोग्रॅमच्या नावाआधी दोन उभ्या रेघा लागतात. आवाज बंद ठेवा, रंगांची खोली १६ बिट ठेवा. बिलिंगच्या पडद्याला एवढं पुरतं आणि चित्र हलकं होतं.

चौथी पायरी: बाहेरचं दार

३३८९ हे पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नका. उघडं पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस पासवर्ड आजमावत असतात. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप ही त्रुटी जाहीर झाली, तिला तर पासवर्डचीही गरज नव्हती. बाहेर दिसावं ते फक्त ४४३, त्यावर एचटीटीपीएस, आणि त्यामागे गुआकामोले.

एक डोमेन नाव (इंटरनेटवरचा पत्ता, वरचं विंडोजचं डोमेन नव्हे) घ्या आणि पुढे कॅडी किंवा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवा, तो ब्राउझरची मागणी गुआकामोलेकडे पाठवतो. कॅडी लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं प्रमाणपत्र स्वतःच आणतो आणि स्वतःच नवं करतो, म्हणून मी नवख्यांना तोच सुचवतो. एनजिनएक्स वापरलात तर वेबसॉकेट (ब्राउझरशी सतत उघडी राहणारी जोडणी) पुढे पाठवण्याच्या ओळी लिहा आणि बफरिंग बंद करा. नाहीतर सगळं चालतं, पण टाइप केलेलं अक्षर पडद्यावर यायला उशीर होतो आणि दोष इंटरनेटला दिला जातो.

गोव्यातल्या घरगुती आणि छोट्या ऑफिसांच्या जोडण्यांवर एक अडचण हमखास येते. तुमच्या राउटरला मिळालेला पत्ता खरा सार्वजनिक नसतो, कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवते. राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता आणि 'माझा आयपी' सांगणाऱ्या साइटवरचा पत्ता ताडून बघा. वेगळे असतील तर पोर्ट फॉरवर्ड करून काहीही साधणार नाही. मग एकतर पैसे भरून स्थिर आयपी घ्या, किंवा क्लाउडफ्लेअर टनेल वापरा, ज्यात जोडणी आतून बाहेर जाते आणि राउटरवर काहीच उघडावं लागत नाही. वापरणारे मोजकेच असतील तर टेलस्केल (व्हीपीएनचाच एक प्रकार) अधिक सुरक्षित आहे. फक्त प्रत्येक कॉम्प्युटरवर ते बसवावं लागतं, म्हणजे 'नुसता ब्राउझर पुरे' ही गंमत जाते.

लॉगिनचा दुसरा टप्पा म्हणून फोनवरच्या कोडची पडताळणी चालू करा. डॉकरमध्ये त्यासाठी टीओटीपीचा एकच पर्याय 'ट्रू' करावा लागतो. अकाउंटंट पहिले दोन दिवस कुरकुरतील. कुरकुरू द्या.

आणि नोंदी जपून ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि सिस्टीमच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. डॉकरचे लॉग कंटेनर पुसल्यावर जातात, त्यांना बाहेर जागा द्या.

पाचवी पायरी: छपाई, टायपिंग आणि बाकी कटकटी

खरा वेळ इथे जातो. लॉगिन पान दिसल्यावर काम संपलं असं वाटतं, पण थिवीचा गोदामवाला पहिल्याच तासाला विचारणार, 'चलान कुठून काढू?'

प्रोग्रॅम म्हापशात चालतोय, म्हणून प्रिंट दिली की कागद म्हापशात निघणार. गुआकामोलेच्या कनेक्शनमध्ये छपाई चालू केली की विंडोजला एक आभासी प्रिंटर दिसतो. त्यावर प्रिंट दिली की पीडीएफ तयार होऊन गोदामातल्या ब्राउझरमध्ये येते आणि तिथून ती स्थानिक प्रिंटरवर काढायची. ए४ साठी हे झकास. थर्मल प्रिंटरसाठी कागदाचा आकार जुळवावा लागतो. डॉट मॅट्रिक्सवर कार्बनच्या तीन प्रती काढणारा जुना प्रोग्रॅम असेल तर ही वाट विसरा. असे प्रोग्रॅम प्रिंटरला थेट मजकूर पाठवतात, पीडीएफच्या वाटेत त्याचा विचका होतो. तिथे गोदाम आणि दुकान व्हीपीएनने जोडून गोदामातला प्रिंटर नेटवर्क प्रिंटर म्हणून सर्व्हरवरच बसवा. छपाईचा मजकूर चिमूटभर असतो. शिवाय ही लाइन तुटली तर प्रिंट पुन्हा देता येते, डेटाबेस बिघडत नाही.

बारकोड स्कॅनर कीबोर्डसारखा वागतो, म्हणून तो ब्राउझरमधूनही चालतो. सिरीयल पोर्टवरचा वजनकाटा चालत नाही. अकाउंटंटचं डिजिटल सहीचं यूएसबी टोकनही आत पोचत नाही, आणि पोचवायची गरजही नाही. विवरणपत्राची फाइल सर्व्हरवरून उतरवून घ्यायची आणि सही फोंड्यातल्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर करायची.

मराठीचं म्हणाल तर इथे चक्क फायदा आहे. जुन्या प्रोग्रॅममध्ये युनिकोडपूर्व काळातला फॉन्ट असेल तर तो फक्त सर्व्हरवर असला की झालं. समोरच्याकडे चित्र जातंय, त्याच्याकडे फॉन्ट असो-नसो. टायपिंगसाठी मराठी कीबोर्ड सर्व्हरच्या विंडोजमध्ये बसवा आणि वापरणाऱ्याने स्वतःचा कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवावा. भाषा आतल्या आत बदलायची. दोन्हीकडे मराठी लावलं तर अक्षरांची खिचडी होते.

कळांच्या बाबतीत एक सापळा आहे. कंट्रोल-डब्ल्यू दाबलं तर ब्राउझरचा टॅबच बंद होतो, कंट्रोल-एनने नवी खिडकी उघडते. क्रोमच्या मेनूतून हे पान अ‍ॅप म्हणून इन्स्टॉल करा, म्हणजे ते वेगळ्या खिडकीत उघडतं. पत्त्याची पट्टी जाते आणि या कळा बहुतेक वेळा प्रोग्रॅमपर्यंत पोचतात. डेस्कटॉपवर बिलिंगच्या नावाचं चिन्ह येतं, ते वेगळंच. ब्राउझर उघडून पत्ता टाइप करायला कुणालाच आवडत नाही. कंट्रोल, अल्ट, शिफ्ट एकत्र दाबल्यावर गुआकामोलेची बाजूची पट्टी उघडते. कॉपी-पेस्ट आणि फाइलींची देवाणघेवाण तिथून होते. एवढी एक गोष्ट कागदावर छापून प्रत्येकाच्या मॉनिटरला चिकटवा.

टॅब बंद केला म्हणजे प्रोग्रॅम बंद झाला असं नाही. तो सर्व्हरवर तसाच उघडा राहतो. फोंड्यात करंट गेला तर ही देणगीच, कारण परत आल्यावर अर्धवट व्हाउचर जिथल्या तिथे सापडतं. पण संध्याकाळी सगळे टॅब बंद करून घरी गेले तर रात्री डेटाबेस उघडाच राहतो आणि बॅकअप अडतो. तुटलेली सेशन्स ठराविक वेळाने संपवायची मुदत ग्रुप पॉलिसीत घाला. अर्धा तास मला बरा वाटतो. लोकांना प्रोग्रॅममधून बाहेर पडायची सवयही लावा.

लोकांच्या हातात कधी द्यायचं

आधी फक्त अकाउंटंटना द्या. त्यांची तक्रार नेमकी असते. गोदाम नंतर. मालकांना शेवटी, कारण ते मोबाइलवर उघडून बघतात आणि 'अक्षरं बारीक दिसतात' एवढंच सांगतात.

दिवसही बघून निवडा. म्हापशात शुक्रवारी बाजार, त्या दिवशी काउंटरच्या मशीनला हात लावायचा नाही. दर महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटीची, तिच्या मागेपुढे नको. चवथीच्या आदल्या आठवड्यात नको आणि मार्च अखेरीस तर नकोच. जुनी पद्धत महिनाभर तरी मोडू नका, काउंटरवरचा माणूस पूर्वीसारखाच काम करत राहू दे.

आता सगळ्यांचं काम एकाच मशीनवर आलं आहे. रोज रात्री डेटाबेसची प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि आठवड्याला एक प्रत दुकानाबाहेर जायला हवी. गुआकामोलेच्या पोस्टग्रेसचीही प्रत घ्या, त्यात सगळी खाती आणि कनेक्शनं आहेत. महिन्यातून एकदा बिलिंगच्या डेटाबेसची प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून मागच्या आठवड्यातलं एखादं बिल दिसतं का ते तपासा. प्रशासकाचे पासवर्ड, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख आणि लायसन्सची कागदपत्रं एका पाकिटात घालून मालकांकडे द्या.